खऱ्या नावाची सक्ती : आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

एखाद्या खेळाडूवर, पत्रकार स्त्रीवर किंवा कुठल्याशा वादात ओढल्या गेलेल्या सामान्य माणसावर समाजमाध्यमांत शिव्यांचा भडिमार झाला, की दोन दिवसांत ठरलेली मागणी पुढे येते. टोपणनावांची खाती बंद करा, प्रत्येक खात्याला सरकारी ओळखपत्र जोडा, जो तो आपल्या खऱ्या नावाने लिहू दे. मग बघू कोण तोंड उघडतो ते! यावर दुसरी बाजू 'खासगीपणाचा हक्क' एवढेच म्हणते आणि थांबते. ज्या बाईला रात्रभर धमक्या आल्या तिने या हक्काचे काय करायचे, हे ती बाजू सांगत नाही. दोन्हीकडच्यांनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली आहे : माणूस जालावर एक तर खऱ्या नावाने वावरतो, नाहीतर बेनामी. पण या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे आणि जालावरचा बराचसा चांगला व्यवहार त्याच प्रकारात चालतो. नाव स्वतः घेतलेले, पण वर्षानुवर्षे तेच. त्याला पत आहे, मागचे सगळे लिखाण त्याला चिकटलेले आहे आणि ते गेले तर लिहिणाऱ्याचे नुकसान होते. शिवीगाळ आणि झुंडशाही आवरायची, तर असे नाव टाकून देणे महाग करावे लागेल. ते ओळखपत्रावरचे आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि जिथे अनेक भाषांचे, धर्मांचे, देशांचे लोक एकाच पडद्यावर समोरासमोर येतात, तिथे खऱ्या नावाची सक्ती कामाची तर नाहीच, वर ती नेमकी भलत्याच माणसांच्या मुळावर येते.

सक्ती मागणाऱ्यांना वेड्यात काढून मात्र चालणार नाही. त्यांचे तीन मुद्दे भक्कम आहेत. पहिला, पडद्याआड माणसाची जीभ सैल सुटते. हे रोज दिसते, त्यासाठी पुरावा शोधायची गरज नाही. दुसरा, फुकट मिळालेले नाव फुकटात टाकताही येते. एक खाते बंद करावे तर तोच इसम पाच मिनिटांत दुसरे घेऊन हजर. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या अभ्यासकांनी २००१ मध्ये हा मुद्दा गणिताने मांडला होता : टोपणनावे स्वस्त असली की प्रत्येक नवख्याकडे संशयाने पाहावे लागते आणि त्याची किंमत प्रामाणिक नवखे मोजतात. तिसरा, तोतयेगिरी. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याचा फोटो लावून पैसे उकळणाऱ्यांना आजची व्यवस्था फारसे अडवत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यांतून 'म्हणून खरे नाव' हा निष्कर्ष निघतो का?

पहिलाच मुद्दा घ्या. जालावर माणसे बेताल का होतात, याचे सर्वांत जास्त उद्धृत झालेले विवेचन जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाचे आहे. २००४ च्या त्या लेखात त्याने सहा कारणे दिली आहेत. नाव लपलेले असणे हे त्यांतले एक. बाकीची पाच : समोरचा आपल्याला पाहत नाही, उत्तर लगेच येत नाही, त्यामुळे बोलून पसार होता येते, समोरच्याचा आवाज आपण आपल्याच डोक्यात घडवतो, हे सगळे खेळातले, खरे नव्हे असे वाटत राहते, आणि मोठ्या-धाकट्याचा, पदाचा धाक उरत नाही. आता खऱ्या नावाची सक्ती करा. पहिले कारण गेले. उरलेली पाच जशीच्या तशी. आपल्याच नावाने, स्वतःच्या मुलाबाळांसोबतचा फोटो लावून, नातेवाइकांच्या गटात एखाद्या समाजाबद्दल वाटेल ते लिहिणारी माणसे कुणी पाहिलेली नाहीत?

हा प्रयोग एका देशाने पूर्ण करूनही पाहिला आहे. दक्षिण कोरियात जुलै २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया लिहिण्याआधी तेरा अंकी नागरिक क्रमांकाने खातरजमा करणे बंधनकारक झाले. २००९ मध्ये, रोज एक लाखाहून अधिक लोक येतात अशी सगळी संकेतस्थळे कायद्याच्या कक्षेत आली. यूट्यूबने हा नियम पाळण्याऐवजी कोरियापुरती व्हिडिओ चढवण्याची आणि प्रतिक्रियांची सोयच बंद केली. लोकांनी खात्यातला देश बदलला आणि चालू ठेवले. जुलै २०११ मध्ये 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या कोरियन सेवांवर दरोडा पडून सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. त्या वेळी देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. न्यायालयाचे निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे : बेकायदा मजकूर लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दिसत नाही, लोक परदेशी सेवांकडे वळले, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचा भार मात्र खरा होता. प्रगत तंत्रज्ञान, एकच प्रमुख भाषा, प्रत्येकाकडे क्रमांक. सक्ती यशस्वी व्हायला याहून अनुकूल जमीन कोणती असणार होती?

याला कुणी म्हणेल, कोरियातल्या वाचकांना नाव दिसतच नव्हते, ते फक्त संकेतस्थळाला ठाऊक होते. चारचौघांत नाव उघडे पडले असते तर लाज वाटली असती. ठीक. झुरिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमके हेच तपासले. एका जर्मन याचिका-मंचावरच्या १,६१२ याचिका आणि त्यांवरच्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया त्यांनी पाहिल्या. तिथे नाव दाखवायचे की लपवायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती होते. जास्त आक्रमक निघाले ते नाव दाखवणारे. त्यांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे : झुंडीत दगड मारणाऱ्याला आपण गुन्हा करतो आहोत असे वाटतच नाही. आपण नीतीची राखण करतो आहोत, अशी त्याची समजूत असते. पुण्यकर्म करताना कोण नाव लपवील? उलट आपल्या माणसांनी ते पाहावे, पाठ थोपटावी हाच हेतू. २०२० च्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंवर जी गरळ ओकली गेली तिच्याबद्दल ट्विटरने जाहीर केले, की कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्याजोगे होते. ओळखता येणे आणि नाव झळकणे या दोन वेगळ्या गोष्टी, हे मान्य. तरी 'सापडणार नाही म्हणून लिहितात' या गृहीतकाला यातून धक्का बसतोच.

सर्वांत कडू दाखला म्यानमारचा. फेसबुकचा खऱ्या नावाचा नियम तिथे पहिल्यापासून लागू होता. तरी रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष त्याच फेसबुकवर पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने त्यावर बोट ठेवल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने वीस व्यक्ती आणि संस्थांना बाहेर काढले. त्यांत लष्करप्रमुख मिन आंग ह्लाईंग होते. स्वतःच्या नावाने, हुद्द्यासकट! कमतरता होती ती बर्मी भाषा वाचून मजकूर तपासू शकणाऱ्या माणसांची, आणि आलेल्या तक्रारीवर वेळेत हालचाल करण्याची. आग सोमेश्वरी लागली होती. नियमांचा बंब रामेश्वरी उभा.

मग नावाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो सातत्याचा. हफिंग्टन पोस्ट या वृत्तस्थळावर २०१३ ते २०१५ या काळात प्रतिक्रियांचे नियम दोनदा बदलले. आधी कुणीही यावे, कोणतेही नाव घ्यावे. मग खाते एकदा पडताळून घ्यायचे, पण वाचकांना दिसणारे नाव स्वतः निवडलेले. शेवटी थेट फेसबुकची प्रतिक्रिया-पेटी, म्हणजे खरे नाव सगळ्यांसमोर. आल्फ्रेड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही टप्प्यांतल्या सुमारे साडेचार कोटी प्रतिक्रिया तपासल्या. मधल्या टप्प्यात प्रतिक्रियांचा दर्जा वाढला. तिसऱ्यात तो पुन्हा घसरला. तिसऱ्या टप्प्यात पेटीची रचनाही बदलली होती, त्यामुळे सगळे खापर खऱ्या नावावर फोडता येणार नाही. पण 'जितके नाव खरे तितकी भाषा सभ्य' ही सरळ रेषा तर मोडलीच.

टोपणनाव म्हणजे भेकडपणा, हे समीकरण मराठी वाचकाने तरी मान्य करू नये. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधून जी शंभरावर पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या सहीने. समाजाच्या वर्मावर बोट ठेवणारे ते लिखाण खऱ्या नावाच्या सक्तीखाली त्याच धारेने उतरले असते का? राम गणेश गडकऱ्यांनी नाटके आपल्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद 'बाळकराम' या नावाने. यात फसवणूक कुणाची झाली? वाचकाला प्रत्येक नावाकडून काय मिळणार हे ठाऊक होते, आणि प्रत्येक नावाची पत त्या नावाला सांभाळावी लागत होती. अमेरिकेची राज्यघटना स्वीकारावी म्हणून १७८७-८८ मध्ये ८५ लेख आले ते 'पब्लियस' या नावाने. आडून लिहिणारे अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे तिघे. संख्याशास्त्रातली रोज वापरात असलेली 'टी' कसोटी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली ती 'स्टुडंट' या नावावर, कारण तिचा कर्ता विल्यम गॉसेट गिनेसच्या मद्यकारखान्यात नोकरीला होता आणि मालक नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हते. कसोटी तपासायला कुणी त्याचे ओळखपत्र मागितले नाही.

इथे खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. २०१० मध्ये मार्क झुकेरबर्गचे एक मत छापून आले होते, की एका माणसाने दोन ओळखी ठेवणे हा सचोटीचा अभाव आहे. इतके ठाम आणि इतके चुकीचे विधान क्वचितच सापडते. माणूस आईशी, वरिष्ठाशी, वर्गमित्राशी आणि देवळातल्या किंवा मशिदीतल्या वडीलधाऱ्याशी एकाच सुरात बोलू लागला तर आपण त्याला सच्चा म्हणत नाही, अडाणी म्हणतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते, की प्रेक्षक बदलला की माणूस वागणे बदलतो आणि समाज त्यावरच चालतो. समाजमाध्यमांनी हे सगळे प्रेक्षक एका दालनात कोंबले. अॅलिस मार्विक आणि डाना बॉईड या अभ्यासकांनी २०११ च्या सुमारास याला संदर्भांची सरमिसळ होणे म्हटले. जो दोन भाषांत, दोन संस्कृतींत जगतो त्याला ती सर्वांत जास्त जाचते. स्थलांतरित मुलगी कामाच्या ठिकाणच्या भाषेत एक विनोद करते. तो तिच्या गावाकडच्या भाषेत भाषांतरयंत्रातून उतरतो आणि उद्धटपणा ठरतो. एकाच नावाने वावरायचे तर ती काय करील? दोन्हीकडे चालेल तेवढेच बोलेल, म्हणजे सणाच्या शुभेच्छा. किंवा गप्प बसेल. दोन नावे ठेवली तर दोन्हीकडे पूर्ण बोलता येते. हे दुटप्पीपण आहे असे ज्याला वाटते त्याने आपल्या फोनमधल्या दोन वेगळ्या गटांतले स्वतःचे संदेश शेजारी ठेवून वाचावेत.

आणि 'खरे नाव' म्हणजे तरी नेमके कोणते? २०११ मध्ये फेसबुकने सलमान रश्दींचे खाते बंद केले, पारपत्र मागितले आणि मग खाते परत देताना नाव केले अहमद रश्दी, कारण पारपत्रावर पहिले नाव अहमद आहे. जगाला ठाऊक असलेले नाव खोटे आणि कुणीच न वापरणारे नाव खरे! रश्दींनी ट्विटरवर जाहीर तक्रार केल्यावर 'सलमान' परत मिळाले. ज्यांच्यामागे अशी प्रसिद्धी नव्हती त्या अमेरिकेतल्या मूलनिवासींची खाती 'हे नाव वाटत नाही' म्हणून अडकत राहिली. २०१४ च्या ऑक्टोबरात कंपनीने तृतीयपंथीयांची आणि रंगमंचीय कलाकारांची माफी मागितली आणि २०१५ अखेर नियम थोडा सैल केला. गूगल प्लसने २०११ मध्ये हीच सक्ती केली, टोपणनावांची खाती धडाधड बंद केली आणि तीन वर्षांनी नियम मागे घेतला.

ही एखाद्या कंपनीची चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण नावाचा साचाच ठरावीक समाजांच्या मापाने बेतलेला आहे. अर्ज दोन चौकटी देतो : नाव आणि आडनाव. इंडोनेशियात एकाच नावाची माणसे विपुल आहेत. सुकार्नो आणि सुहार्तो हे राष्ट्राध्यक्ष तसेच. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, बापाच्या किंवा आईच्या नावावरून साधलेला शब्द असतो, आणि दूरध्वनीची यादीही पहिल्या नावाने लावली जाई. स्पॅनिश भाषकांना दोन आडनावे असतात. साचा त्यातले पहिले मधले नाव समजून गिळतो आणि आईचे आडनाव मुख्य करून टाकतो. एकनामी माणसाला अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' म्हणजे 'पहिले नाव अज्ञात' ही अक्षरे मिळतात, आणि पुढे बँकेपासून विमान कंपनीपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी प्रवाशांना आपले नाव अपुरे असल्याचे पहिल्यांदाच कळले. पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. त्यांत नावासाठी जागा ३९ अक्षरांची, आणि अक्षरे फक्त रोमन ए ते झेड. उच्चारचिन्हे गळतात, लांब नावे मध्येच तुटतात. मग बँकेतले नाव, पारपत्रावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अशी एकाच माणसाची तीन 'खरी' नावे होतात आणि पडताळणीचे यंत्र म्हणते, जुळत नाही.

लिपी बदलली की हा घोळ आणखी बारीक होतो. 'गोऱ्हे' हे आडनाव टंकण्याचे दोन मार्ग आहेत. एकात नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे. त्यात एखाद्या प्रणालीने सुरक्षेच्या नावाखाली अदृश्य चिन्हे गाळली, की दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या नावातला अर्धा र उडी मारून 'ह'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आता हा माणूस 'खऱ्या नावाने' आत येऊ पाहतो आणि यंत्र त्याला तोतया ठरवते. ज्याचे नाव रोमन लिपीत, दोन शब्दांत, वीस अक्षरांच्या आत बसते त्याला यातले काही सोसावे लागत नाही. गंमत म्हणजे धोरणे लिहिणारे बहुतेक त्याच गटातले.

नाव नुसते अडत नाही, ते माणसाची ओळखही फोडते. मारिआन बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकऱ्यांना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. पात्रता तुल्य, नावे वेगळी. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना साधारण दहा अर्जांमागे एक फोन आला, काळ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना पंधरांमागे एक. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी असाच प्रयोग भारतातल्या खासगी नोकऱ्यांबाबत करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले : दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी. आडनावावरून जात, नावावरून धर्म, दोहोंवरून प्रांत ओळखणाऱ्या समाजात 'नाव दाखवा मग बोला' ही अट सगळ्यांना सारखी नाही. कुणाला ती नुसती औपचारिकता, तर कुणाचा मुद्दा वाचण्याआधीच निकाल. २०१० च्या जुलैत ब्लिझर्ड या खेळ-कंपनीने आपल्या चर्चामंचांवर खरी नावे दाखवण्याचे जाहीर केले. यात घाबरण्यासारखे काही नाही हे सिद्ध करायला तिच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले. थोड्याच वेळात लोकांनी त्याचा पत्ता आणि फोन शोधून चव्हाट्यावर मांडला. काही दिवसांतच कंपनीने बेत गुंडाळला.

आता सक्तीवाल्यांची सर्वांत समजूतदार मांडणी पाहू. ती म्हणते, लोकांना टोपणनाव दिसू दे, पण कंपनीकडे खरे नाव असू दे. चीनने २०१५ मध्ये नेमका असा नियम केला : मागे खरे नाव, पुढे हवे ते. आणि हुकूमशाही म्हणून ही कल्पना झटकता येणार नाही, कारण जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये जुन्या फेसबुक खात्यांबद्दल असाच तोडगा दिला : नोंदणीच्या वेळी कंपनीला खरे नाव सांगा, इतरांसमोर टोपणनाव वापरायचा हक्क तुमचा. हा मार्ग चारचौघांत नाव उघडे पाडण्यापेक्षा कितीतरी बरा. पण यातून कंपनीच्या कोठारात सगळ्या ओळखपत्रांचा साठा तयार होतो, आणि साठा म्हटला की चोर आलाच. कोरियातली चोरी वर आलीच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने सांगितले, की वयाच्या पडताळणीसंबंधीच्या तक्रारी हाताळणाऱ्या बाहेरच्या पुरवठादाराकडून सुमारे सत्तर हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघडी पडली असावीत. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. ओळखपत्रावरचा चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार? शिवाय गुन्हा घडला तर तपास आजही अनेकदा शक्य असतो. खात्यामागे फोन क्रमांक असतो, इंटरनेट जोडणीचा (आयपी) पत्ता असतो. बहुतेक वेळा तपास अडतो तो कंपनीचे उत्तर महिनोन् महिने न आल्याने, नाहीतर ठाण्यातल्या माणसाला मागणीपत्र कसे लिहायचे हे ठाऊक नसल्याने.

तर मग नाव टाकून देणे महाग कसे करायचे? याची उत्तरे चालू स्थितीत समोर आहेत. इंग्रजी विकिपीडियावर नव्या खात्याला निमसंरक्षित, म्हणजे नवख्यांना बंद ठेवलेली पाने बदलण्यासाठी चार दिवस आणि दहा संपादने पूर्ण करावी लागतात. प्रत्येक बदल त्या नावावर कायमचा नोंदला जातो. एकच माणूस चार नावांनी भांडतो आहे अशी शंका आली, तर मोजक्या विश्वासू सदस्यांना तांत्रिक नोंदी तपासता येतात, आणि त्या नोंदी जास्तीत जास्त ९० दिवस ठेवल्या जातात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर मत द्यायला १५ गुण लागतात, दुसऱ्याच्या लिखाणावर शेरा मारायला ५०, विरोधी मत द्यायला १२५. म्हणजे शिवी द्यायची ताकद हाती येईपर्यंत माणसाने काहीतरी उपयोगी केलेले असते, आणि ते गमवायला तो धजत नाही. यात दोष आहेत. नवख्यांना हे दार जड वाटते, जुन्यांची टोळी बनते, आणि मुरलेली खाती विकत घेणाऱ्यांचा बाजार उभा राहतो. पहिल्यावर उपाय म्हणजे उंबरठा वाचण्या-विचारण्याला नको, फक्त इतरांवर परिणाम करणाऱ्या कृतींना हवा : अनोळखी व्यक्तीला थेट संदेश, एका तासात शंभर प्रतिक्रिया, सामूहिक तक्रारी. तिसऱ्यावर, खाते अचानक नव्या देशातून आणि नव्या भाषेत बोलू लागले की त्याचे अधिकार काही काळ गोठवायचे. आणि हे करताना स्थलांतरित, द्वैभाषिक माणूस त्यात भरडला जाणार नाही यासाठी एका नव्या खुणेवर नको, दोन्ही एकत्र आल्यावरच. दुसऱ्यावर मला पूर्ण समाधानकारक उपाय दिसलेला नाही.

तोतयेगिरीलाही सगळ्यांची ओळखपत्रे लागत नाहीत. रोमन लिपीतले 'ए' (a) आणि रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतले 'आ' (а) ही दोन अक्षरे डोळ्याला एक आणि यंत्राला वेगळी. त्यांची सरमिसळ करून प्रसिद्ध नावासारखे दिसणारे नाव तयार होते. एका वापरनावात एकच लिपी, एवढा नियम यातली बरीच फसवणूक अडवतो. नाव बदलले तर आधीची नावे खात्यावर दिसत राहावीत आणि सोडलेले वापरनाव दुसऱ्या कुणाला देऊ नये. मात्र आधीची नावे दाखवण्याच्या नियमाला अपवाद ठेवावा लागेल : लिंगबदल केलेल्या किंवा छळापासून पळालेल्या माणसाचे जुने नाव उघडे ठेवणे म्हणजे त्याला पुन्हा त्या दारात उभे करणे.

'एका माणसाचे एकच खाते' हवेच असेल, तर त्यालाही नाव न सांगता होणारा मार्ग १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाची ही आंधळी सही. कोरा कागद कार्बन लावलेल्या पाकिटात बंद करा. अधिकारी तुमचे ओळखपत्र पाहून पाकिटावर बाहेरून सही करतो, ती आतल्या कागदावर उमटते. पाकीट फाडल्यावर तो कागद खरा आहे हे कुणालाही पटवता येते, पण कोणत्या माणसाचा हे खुद्द सही करणाऱ्यालाही सांगता येत नाही. हेच गणिताने करता येते. फ्रीडमन-रेझनिक यांनी स्वस्त टोपणनावांच्या रोगावर सुचवलेला उपाय याच जातीचा होता : दर मंचासाठी प्रत्येकाला एकच आयुष्यभराचे टोपणनाव, पण दोन मंचांवरची नावे एकमेकांशी न जुळणारी. युरोपीय संघाने २०२४ मध्ये डिजिटल ओळख-पाकिटाचा कायदा केला. त्यात कायद्याने नाव लागत नाही तिथे टोपणनाव वापरायची मुभा स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे तंत्र आहे, कायद्याचा नमुनाही आहे. कमी आहे ती अशी सही देणारी, सरकार आणि कंपनी या दोघांपासूनही अंतर राखणारी संस्था. वाद घालायचाच तर तिची रचना कशी असावी यावर घालावा.

खरे नाव अजिबात कुठेच मागू नये, असे मी म्हणत नाही. जो पैसे घेऊन वस्तू विकतो, जो स्वतःला डॉक्टर म्हणवून औषध सांगतो, आणि सर्वांत आधी जो पैसे मोजून आपले म्हणणे लाखो लोकांच्या पडद्यावर ढकलतो, त्याच्याकडे नाव मागायलाच हवे. मे २०१८ पासून फेसबुकने अमेरिकेत राजकीय जाहिरात देणाऱ्यांची ओळख आणि पत्ता तपासायला सुरुवात केली आणि 'पैसे कुणाचे' ही ओळ जाहिरातीवर झळकू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हाइस न्यूजच्या पत्रकारांनी अमेरिकेच्या शंभरच्या शंभर सिनेटरांच्या नावाने खोट्या जाहिराती मंजुरीला पाठवल्या. सगळ्या मंजूर झाल्या. जाहिरात चढवणाऱ्याचे ओळखपत्र तपासले होते, पण 'पैसे कुणाचे' या चौकटीत तो काय लिहितो हे कुणी पडताळलेच नव्हते. ती चौकट पैसे भरणाऱ्या बँक खात्याच्या धारकाशी जुळवून पाहणे हे काही अवघड काम नाही. टोपणनावाने कविता लिहिणाऱ्या कोट्यवधींची ओळखपत्रे गोळा करण्यापेक्षा तर कितीतरी सोपे.